पाच कवड्या आणि यवतमाळचा समुद्र

“सर, मग यवतमाळला समुद्र होता असं लिहू का?” पत्रकाराने विचारलं.

यावर माणसाने ‘नाही’ म्हणावं. एका शब्दाचं काम आहे. पण आमच्या सरांनी आधी गॉगल काढला, पैनगंगेच्या दिशेने नजर लावली आणि म्हणाले, “समुद्र होता असं मी म्हणत नाही. पण समुद्राशी नातं होतं, हे आता कुणाला नाकारता येणार नाही.”

झालं. पत्रकाराने वहीत फक्त ‘समुद्र’ हा शब्द लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. मी सरांच्या मागे उभी होते, मला दिसलं.

सर म्हणजे आमच्या कार्यालयाचे प्रमुख. विद्वान माणूस. त्याबद्दल कुणालाच शंका नाही, आणि त्यांना तर मुळीच नाही. मी त्यांच्या हाताखालची पुरातत्त्वज्ञ. माझं खास काम शिंपल्यांचं. जुन्या जागी सापडलेले शिंपले धुवायचे, मोजायचे, कुठल्या जातीचे ते ओळखायचे आणि त्यावरून तेव्हाची माणसं काय खात होती, आजूबाजूला पाणी कसं होतं ते सांगायचं. लग्नाच्या बाजारात हे काम कधी धड समजावता आलं नाही. माझ्या सासूबाईंनी शेवटपर्यंत शेजारणींना “सून सरकारी नोकरीत आहे” एवढंच सांगितलं.

हे चाललं होतं उमरखेड तालुक्यात, नदीपासून थोडं आत, एका बंजारा तांड्याच्या शिवारात. मे महिना. ऊन असं की फावड्याचा दांडा हातात धरवत नव्हता. समोर एक अर्धवट खोदलेली विहीर, तिच्या काठावर मातीचा ढिगारा, ढिगाऱ्याशेजारी टेबल, टेबलावर पांढरं कापड आणि कापडावर पाच कवड्या. समुद्रातल्या कवड्या. पत्रकार त्यांचेच फोटो काढत होते. खाली विहिरीत कमरेएवढा जाड शिंपल्यांचा थर उघडा पडला होता, तो कुणी वाकूनसुद्धा पाहिला नाही.

आता हा शिंपल्यांचा थर म्हणजे काय, ते सांगते. आमच्या भाषेत त्याला शेल मिडन म्हणतात. ऐकायला भारी वाटतं. सरळ मराठीत सांगायचं तर उकिरडा. फार जुन्या काळची माणसं पाण्याकाठी बसून शिंपल्यातलं मांस खायची आणि रिकामे शिंपले तिथंच टाकायची. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं की ढीग होतो. असे ढीग बहुतेक समुद्रकाठी सापडतात. मी नोकरीची पहिली दहा वर्षं खाडीकाठच्या अशाच ढिगांत घालवली. तिथं खालच्या थरात खारफुटीच्या चिखलात राहणारे मोठे शंख मिळायचे आणि वरच्या थरात उघड्या वाळूतली बारीक शिंपली. म्हणजे माणसं तीच, भूकही तीच, पण मधल्या काळात खारफुटी गेली आणि खाडी वाळूने भरत आली. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, उष्ट्याने सांगितलं. मला हे काम मनापासून आवडायचं, म्हणून खात्याने माझी बदली समुद्रापासून शक्य तितक्या लांब केली.

आणि इथं, यवतमाळ जिल्ह्यात, कापूस-सोयाबीनच्या शिवारात शिंपल्यांचा ढीग निघाला. गोड्या पाण्यातल्या, नदीच्या शिंपल्यांचा. मी विहिरीत उतरले तेव्हा मला खरंच रडू आलं. वर लोक उभे होते म्हणून ऊन लागल्याचं सोंग केलं.

ढीग माणसांचाच होता, यात वाद नव्हता. नदीने वाहून आणलेले शिंपले असते तर त्यांत लहान-मोठे सगळेच असते. इथं सगळे खाण्याजोगे, मोठे, उघडलेले. कित्येक जळालेले. मधून मधून राख, कोळसा, माशाचे मणके, दगडाच्या धारदार चकत्या. पण सरांचा चेहरा काही फुलला नाही. नदीचे शिंपले खाल्ले, बरं मग? त्यात हेडिंग कुठं आहे? चौथ्या दिवशी ढिगाऱ्यातली माती चाळणीने चाळताना ओळीने पाच कवड्या मिळाल्या आणि सर एकदम दहा वर्षांनी तरुण झाले.

“मॅडम, समुद्र!” ते म्हणाले.

“सर, या ढिगाऱ्यातून आल्यात,” मी म्हणाले. “वर फेकलेल्या मातीला थर नसतो. त्या कधीच्याही असू शकतात.”

हा आमच्या धंद्यातला पहिला पाठ आहे. वस्तू कुठल्या थरात होती त्यावरून तिचं वय कळतं. जी वस्तू थरातून निघून ढिगाऱ्यात पडली, तिची पत्रिकाच हरवली.

“पाचही कवड्यांच्या पाठी घासलेल्या आहेत,” सर म्हणाले. “म्हणजे मुद्दाम तयार केलेल्या. जवळजवळ मिळाल्या. मॅडम, या पुरलेल्या होत्या. पाण्याकाठी पुरलेल्या. हे अर्पण आहे. पाणी मिळावं म्हणून कुणीतरी श्रद्धेने केलेलं अर्पण!”

आमच्या धंद्यात ज्या वस्तूचा उपयोग कळत नाही ती ‘धार्मिक’ असते. त्यामुळे मी फार मनावर घेतलं नाही. मनावर घ्यायला हवं होतं, कारण त्या रात्रीच्या जेवणाआधी सरांनी वर पत्र पाठवलं: ‘संपूर्ण शेत संरक्षित करण्याची शिफारस.’

ते शेत सुनंदाचं होतं. सुनंदा राठोड, तिशीतली बाई. नवरा वणीला कोळशाच्या खाणीवर डंपर चालवतो, महिन्याने घरी येतो. घरी ती, दोन मुली आणि सासू. सासूला सगळा तांडा याडी म्हणतो. याडी म्हणजे त्यांच्या गोर बोलीत आई. आम्हीही याडीच म्हणायचो. तांड्याची बोअर मार्चमध्येच आटली होती. सुनंदा पहाटे शेजारच्या गावच्या हातपंपावर जायची आणि दोन-दोन गुंड, म्हणजे घागरी, डोक्यावर आणायची. सरकारी योजनेतून विहीर मंजूर झाली, अक्षय तृतीयेला टिकाव मारला, मजूर लागले, सात-आठ फुटांवर गेले आणि शिंपले निघाले. तलाठ्याला कळलं, तहसीलला कळलं आणि ‘काम तात्काळ थांबवावे’ असं पत्र आलं. काम थांबवायचं पत्र आमच्याकडे नेहमी तात्काळच येतं. सुरू करायचं पत्र बैलगाडीनं येतं.

विहीर पावसाळ्याच्या आत बांधून झाली नाही तर पावसाच्या पाण्याने काठ ढासळणार आणि पूर्ण झाली नाही म्हणून मंजुरीही जाणार. म्हणजे पुढचे उन्हाळेही हातपंप. आणि सरांचं संरक्षित क्षेत्र झालं तर विहीर तर सोडाच, तिथं नांगरही घालता येणार नव्हता.

सुनंदा आरडाओरडा करणारी बाई नव्हती. रोज दुपारी आमच्या सात जणांसाठी चहा घेऊन यायची. हातपंपावरून डोक्यावर आणलेल्या पाण्याचा चहा. आम्ही तो प्यायचो, “साखर थोडी कमी टाका” असंही सांगायचो. इतके आम्ही सुशिक्षित.

एक दिवस कप गोळा करताना ती म्हणाली, “मॅडम, आमी पानी शोधून राह्यलो, तुमी शिंपल्या शोधून राह्यले. तुमचं तं सापडलं. आता आमचं शोधू द्या ना.”

“होईल हो, आठ दिवसांत होईल,” मी म्हणाले. कुठून आणले आठ दिवस, मलाच माहीत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तर पत्रकार आले तो दिवस. सरांचं भाषण रंगात आलं होतं. ते एकेक कवडी उचलून सांगत होते, “कल्पना करा. हजारो वर्षांपूर्वी एक माणूस, बहुधा एक स्त्री, इथं उभी आहे. तिला पाणी हवंय. तिच्याकडची सगळ्यात मौल्यवान वस्तू ती या जमिनीला देते. पाच कवड्या. ती कुणाला सांगत नाही. हे तिचं आणि जमिनीचं गुपित आहे.”

याडी रोजच्यासारखी पळसाच्या सावलीत बसली होती. ती उठली, काठी टेकत टेकत माझ्यापाशी आली आणि तिनं माझं मनगट घट्ट धरलं. डोळे एवढे मोठे झालेले.

“मॅडम वो,” ती कानाशी कुजबुजली, “तुमच्या सायबाच्या अंगात येते काय?”

“काय झालं याडी?”

“मी कोनालेच नाही सांगतलं बापा! सुनेले नाही, पोराले नाही. टिकाव माराच्या आंधी पाह्यटी एकलीच आली. पळसाच्या पानात गुंडाळून पाच कवड्या पुरल्या. म्हटलं, धरतीमाय, पानी दे. याले कसं समजलं? एकूनएक बराबर सांगून राह्यला!”

मी तिच्याकडे पाहिलं. मग सरांकडे. सर तेव्हा ‘मानवी श्रद्धेचं सातत्य’ यावर आले होते.

माझ्या सगळ्या नोकरीत असं अचूक अनुमान मी ऐकलं नाही. बाई होती, बरोबर. पाणी हवं होतं, बरोबर. गुपित होतं, तेही बरोबर. चुकला तो फक्त काळ, तोही थोडाथोडका काही हजार वर्षांनी.

“याडी, कवड्या कुठल्या होत्या?” मी विचारलं.

“माह्या चुंबळीच्या. मायनं देल्ली होती लग्नात. तिले चारी बाजूनं कवड्या शिवल्या हायेत. पाच काढल्या, बाकीच्या तशाच हाय. दाखवू काय?”

डोक्यावर घागर ठेवताना खाली जी गोल चुंबळ ठेवतात, तीच. कापडावर कवडी सपाट बसावी म्हणून तिची पाठ घासतात. हे मला ठाऊक होतं. कवड्या शिवलेले कपडे घातलेल्या बाया मी याच तांड्यात एका साखरपुड्याला पाहिल्या होत्या. तिथं दोनदा वाढून घेतलेली पुरणपोळीही आठवते. पण शेतात आलं की डोकं कसं बंद होतं पाहा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो आम्ही सरकारी गाडीतून डिझेल जाळून घालत होतो.

आणि सरांना काय बोलायचं? मीही विचारलं नव्हतंच. बारा दिवस त्या घरचा चहा पीत होते, एकदाही “याडी, या कवड्या पाहा बरं, ओळखीच्या वाटतात का?” असं तोंडातून निघालं नाही. का? कारण त्या बाईने शाळा पाहिली नव्हती आणि माझ्याकडे डॉक्टरेट होती. सरळ सांगायचं तर एवढंच.

पत्रकार गेल्यावर मी सरांना गाडीपाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं.

“मॅडम, म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणावर विज्ञान चालत नाही,” ते म्हणाले. “पुरावा?”

मी याडीला हाक मारली. तिनं चुंबळ आणली. लाल-निळं कापड, विटलेलं, कडेला कवड्यांची ओळ. ओळीत एका जागी पाच घरं रिकामी, दोऱ्यांची टोकं लोंबत होती. मी टेबलावरच्या कवड्या एकेक करून त्या घरांत ठेवल्या. चार अशा बसल्या, जणू कुणी कधी काढल्याच नव्हत्या. पाचवीची कड टवकलेली होती.

“हे मी लगन होऊन आली त्या साली पडली होती ना, इहिरीवर, तवाची फुटली,” याडीने कौतुकाने सांगितलं. मग सरांना हात जोडले. “पन सायेब, तुमी खरे जानकार. नाही तं आजकाल कोनाले मनातलं समजते?”

ती मनापासून बोलत होती, त्यामुळे सरांना रागावताही येईना. त्यांनी रुमाल काढून मान पुसली, कपाळ पुसलं, गॉगलसुद्धा पुसला.

“हे आपल्यातच राहू द्या मॅडम,” शेवटी ते म्हणाले. “बातमी आता गेली. उगाच कार्यालयाची शोभा नको.”

इथं मी जे केलं ते फार शूरपणाचं नव्हतं. माझी रिटायरमेंट चार महिन्यांवर होती. मी म्हणाले, “राहील की सर. पण याडीला गप्पांची आवड आहे. पत्रकार पुन्हा आले तर तिचं तोंड मी कसं धरणार? ते संरक्षित क्षेत्राचं पत्र मागे घेतलं तर पत्रकारांना पुन्हा यायचं कारणच उरणार नाही.”

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातला घास काढून घेतलाय. पण माणूस हुशार. दुसऱ्याच दिवशी पत्र गेलं. ‘अधिक अभ्यासाअंती जागेचे महत्त्व मर्यादित असल्याचे आढळले.’ समुद्र एका रात्रीत आटला. टेबल गेलं, पांढरं कापड गेलं, गाडी गेली. कवड्या मात्र रजिस्टरला चढल्या होत्या, नंबर पडला होता, त्यामुळे त्याही गेल्या. लेबलवर काय लिहायचं हा प्रश्न आला. खोटं लिहायला मी तयार नव्हते आणि खरं लिहायला सर. मधला मार्ग मीच सुचवला: ‘काळ: अनिश्चित. अर्पण करणारे: अज्ञात.’ सर म्हणाले, “वा! यात काहीच चूक नाही.” मलाही तेव्हा तसंच वाटलं.

आता गंमत पाहा. समुद्र आटला तसा ढीगही आटला. तहसीलने विहिरीला परवानगी दिली आणि ती जागा तीच, शिंपल्यांच्या बरोबर मधोमध. विहीर पूर्ण झाली की काही हजार वर्षांचा उकिरडा टोपल्यांनी वर येऊन बांधावर पडणार. मला कार्यालयाने ‘आवश्यक नोंदी’साठी दहा दिवस दिले आणि एक चाळणी.

मी कामाला लागले. विहिरीच्या एका भिंतीला खडा काप घेतला आणि वरपासून खालपर्यंत थराथराने शिंपले काढले. रोज चहा घेऊन सुनंदा आली की काठावर बसून विचारायची, “आज काय बोलल्या शिंपल्या?”

मग मी सांगायचे. तळाच्या थरात जाड पाठीचे, जड शिंपले. हे वाहत्या, स्वच्छ पाण्यात राहतात. वरच्या थरात पातळ शिंपले आणि गोल गोगलगायी. त्या साचलेल्या पाण्यातल्या. म्हणजे आधी नदी याच शिवारातून वाहत होती, मग ती तिकडे सरकली आणि इथं नुसतं डबकं उरलं. वर वर शिंपले लहानही होत गेलेले. मोठे खाऊन संपले होते.

“म्हंजे तवाही टंचाईच,” सुनंदा म्हणाली.

“तेव्हाही. शिंपल्यांच्या कडेला वाढीच्या रेघा असतात, झाडाला असतात तशा. त्यावरून कुठल्या मोसमात काढला तेही बरेचदा कळतं. इथले बहुतेक उन्हाळ्यातले दिसतात. बाकी काही मिळत नसेल तेव्हाचं जेवण.”

आठव्या दिवशी मला एक गोष्ट दिसली. ती पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती, पण तेव्हा सगळे समुद्र पाहत होतो. शिंपल्यांचे थर सपाट नव्हते. सगळे उत्तरेकडे उतरत होते. माणूस काठावर बसून खातो आणि उतारावरून खाली पाण्याकडे टाकतो. म्हणजे जुन्या नदीचं पात्र उत्तरेला होतं. आणि नदी गेली तरी तिची वाळू कुठं जाते? ती मातीखाली तशीच पडून राहते आणि वाळूत पाणी मुरतं.

मी विहिरीतून वर आले आणि सुनंदाला विचारलं, “विहिरीची जागा कोणी काढली?”

“पानाड्यानं. हातावर नारळ उभा राह्यला म्हने.”

“नारळाचा अपमान करत नाही. पण इथं तू नदीच्या काठावर खोदतेयस. पात्र तिकडे आहे.” मी उत्तरेला बोट दाखवलं. “वीस-पंचवीस पावलं.”

ती पावलं मोजत तिथवर जाऊन आली. मग तिनं सरळ विचारलं, “तिथं पानी लागतेच काय?”

इथं माझी पंचाईत झाली. कारण मी काही पाण्याची जाणकार नव्हे. आणि माझा हेतूही धुतल्या तांदळासारखा नव्हता. विहीर सरकली तर माझा ढीग वाचणार होता. मी तिला हेही सांगितलं. म्हणाले, “लागतेच असं मी म्हणणार नाही. वाळू असेल एवढं शिंपले सांगतात. आणि तू तिथं खोदलंस तर यात माझाही फायदा आहे, तेही ऐकून ठेव.”

“फायदा असलेला मानूस खोटं कमी बोलते,” ती म्हणाली. “सायबाचा काय फायदा होता, ते तं आखरीपर्यंत नाही समजलं.”

गट नंबर तोच होता, त्यामुळे जागा बदलायला एक अर्ज आणि ग्रामसेवकाने काढलेला जागेचा नवा फोटो एवढ्यावर भागलं. मजूर उत्तरेला सरकले. माझे दहा दिवस संपले होते. मी यवतमाळला परत आले आणि ऑफिसात बसून शिंपले धुऊ लागले. सुनंदा रोज फोनवर कळवायची. पहिला दिवस काळी माती. चौथ्या दिवशी पिवळी चिकण माती. सहाव्या दिवशीही चिकण माती. माझं जेवणावरून मन उडालं. शिंपल्यांच्या नादात एका बाईची विहीर हलवली आपण. पाणी नाही लागलं तर तिला सांगायचं काय, की नारळापेक्षा मी दोन डिग्र्या जास्त शिकलेली आहे?

नवव्या दिवशी मोबाइलवर एक फोटो आला. सुनंदाचा चिखलाने भरलेला तळवा आणि त्यावर एक मोठा, जाड शिंपला. दोन्ही झाकणं घट्ट मिटलेली. खाली मेसेज: ‘मॅडम हा कोनं नाही खाल्ला’.

मी खुर्चीतून उठलेच. मिटलेला शिंपला म्हणजे माणसाने उघडून फेकलेला नाही. तो जिथं जगला तिथंच मेला. म्हणजे ते पात्र होतं. मी लगेच फोन लावला. मागे मजुरांचा गलका ऐकू येत होता.

“रेती लागली मॅडम! गोल गोटे हायेत. अन्‌ रेती वली हाय!”

दोन दिवसांनी विहिरीत पुरुषभर पाणी होतं. वाळू ढासळू नये म्हणून सिमेंटच्या रिंगा टाकाव्या लागल्या, त्यात आणखी एक आठवडा गेला, पण पाऊस लागायच्या आत काम उरकलं. ढीग वाचला. त्यातला कोळसा मी वय काढायला पाठवला. शिंपले पाठवले नाहीत, कारण पाण्यात विरघळलेला जुना चुना खाऊन शिंपला आपलं वय वाढवून सांगतो. माणसात हे उलट असतं. कोळशाने ढिगाचं वय काही हजार वर्षं सांगितलं. त्यावर मी लिहिलेला अहवाल सरांनी वाचला की नाही माहीत नाही, सही मात्र केली.

इथं गोष्ट संपली असं मी धरून चालले होते.

जुलैत एके दिवशी ऑफिसच्या दारात सुनंदा आणि याडी उभ्या. उमरखेडहून एसटीने आलेल्या. सुनंदाच्या हातात पिशवीभर ज्वारीचं पीठ, माझ्यासाठी. याडीच्या हातात ती चुंबळ आणि सुईदोरा.

“कवड्या न्याले आली,” याडी म्हणाली. “पानी लागलं. आता त्या काढून पुन्हा शिवाच्या असते. धरतीचं धरतीले देल्लं, आपलं आपन घेतलं.”

आमच्या ऑफिसात खालच्या मजल्यावर एक लहानसं दालन आहे. चार काचेची कपाटं, एक पंखा. बघायला कुणी येत नाही. मी त्यांना तिथं नेलं. कवड्या निळ्या मखमलीवर मांडलेल्या होत्या. आपल्या कवड्या एवढ्या थाटात पाहून याडी खूश झाली. मग तिची नजर खालच्या कार्डावर गेली.

“काय लिवलं हाय?”

मी वाचलं. “जलप्राप्तीसाठी अर्पण केलेल्या कवड्या. काळ अनिश्चित. अर्पण करणारे...” आणि थांबले.

“अर्पन करनारे?”

“अज्ञात.”

“म्हंजे?”

“म्हणजे... कोण होतं ते माहीत नाही.”

याडीने आधी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“काहून माईत नाही?” ती म्हणाली. “मी आहो ना इथं. माह्या घरचा चहा पेल्ला ना तुमी?”

सुनंदा खाली मान घालून उभी राहिली. शब्द माझाच होता ना तो. मोठ्या हुशारीने सुचवलेला.

कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची. मी कपाट उघडलं, कवड्या काढून याडीच्या ओंजळीत दिल्या. मग रजिस्टर आणलं. नंबर पडलेली वस्तू बाहेर जायची तर समिती बसावी लागते, ठराव लागतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण रिटायर व्हायला जेमतेम दोन महिने उरलेल्या बाईचं कोण काय वाकडं करणार? मी लिहिलं, ‘मूळ मालकास परत’. मग ते कार्ड बाहेर काढलं, ‘काळ अनिश्चित’ खोडून ‘यंदाची अक्षय तृतीया’ केलं. ‘अज्ञात’वर काट मारली. पुढे लिहायला पेन टेकवलं आणि हात तिथंच थांबला.

नाव काय लिहायचं?

याडी म्हणजे आई. तांड्याची आई. त्या बाईचं नाव मला ठाऊकच नव्हतं. तिच्या शेतातल्या हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचं उन्हाळ्यातलं जेवण मी सांगू शकत होते. जिच्या घरचा चहा इतके दिवस प्याले, तिचं नाव विचारलं नव्हतं.

“याडी,” मी म्हणाले, “तुमचं नाव काय?”

ती जमिनीवर बसून सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, “आता इचारलं?”

मग सांगितलं. सोनीबाई. मी ते कार्डावर लिहिलं, रजिस्टरमध्येही लिहिलं आणि सहीच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिनं प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही केली, एकेक अक्षर सावकाश, तीन मिनिटं लागली.

रिटायर होताना मला त्या रजिस्टरबद्दल एक खुलासा मागितला गेला, तो मी दिला. ते रिकामं कपाट आणि त्यातलं कार्ड अजून तसंच आहे म्हणतात. सर कार्ड वाचत नाहीत, त्यामुळे धोका नाही.

अजून कधीमधी नवीन मुलामुलींना शिकवायला मला बोलावतात. थर कसा पाहायचा, चाळणी कशी धरायची, शिंपला कसा मोजायचा, सगळं सांगते. पण पहिल्या दिवशी कुणाला खोदू देत नाही. पहिल्या दिवशी घरोघर जाऊन नावं विचारून यायची. काही पोरं कुरकुरतात, “मॅडम, याचा रिसर्चशी काय संबंध?” त्यांना मी साहेब होण्यासाठी मनापासून शुभेच्छा देते.